शहराचे रस्ते थ्रीडीत कसे उभारावेत: आधी चौक सोडवा

इमारती उभ्या करायची घाई सगळ्यांनाच असते. रस्त्यांचं काय, ओएसएममधून (ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा) ओढले, रुंदी टाकली की झालं, असा सल्ला जिथे तिथे मिळतो. त्या सल्ल्यावर केलेलं मॉडेल उंचावरून पाहिलं तर ठीक दिसतं. कॅमेरा जमिनीवर आणला की चौकाचौकात डांबर फाटलेलं, फुटपाथ एकमेकांत घुसलेले आणि दुभाजक हवेत लटकलेला सापडतो. सिटीइंजिन या शहरं उभारायच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक, प्लॉट आणि त्यावरच्या इमारती या सगळ्या रस्त्यांच्या ग्राफमधूनच, म्हणजे रस्त्यांच्या रेषा आणि त्या मिळतात त्या बिंदूंच्या जाळ्यातूनच, तयार होतात. ग्राफ कच्चा असेल तर पुढे केलेलं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

खाली दिलेली पद्धत मी जळगाव आणि धुळ्याच्या कामांवर वापरतो. सिटीइंजिन आणि क्यूजीआयएस (नकाशांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर) बसवलेलं आहे आणि ओएसएमचे रस्ते उतरवता येतात, एवढं गृहीत धरलं आहे.

प्रोजेक्शन

धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतात. सिटीइंजिनमध्ये सीन उघडतानाच त्या झोनचा कोड, ईपीएसजी ३२६४३, निवडा. वेबवरच्या नकाशांची वेब मर्केटर पद्धत नको, कारण २१ अंश अक्षांशावर ते अंतर सात टक्क्यांनी फुगवतं.

रुंदी

विकास आराखड्यातला '१८ मीटरचा डीपी रोड' म्हणजे १८ मीटर डांबर, असं समजून लोक तो आकडा जसाच्या तसा टाकतात. ती रुंदी हद्दीपासून हद्दीपर्यंतची असते. त्यात डांबर, साईडपट्टी, गटार, फुटपाथ, विजेचे खांब, सगळं आलं. सिटीइंजिनमधली रस्त्याची रुंदी मात्र फक्त गाड्या चालतात तेवढ्या भागाची असते आणि फुटपाथ डावा-उजवा वेगळा द्यावा लागतो. आराखड्यातला आकडा तिथे टाकला की फुटपाथ शेजारच्या कंपाउंडमध्ये जाऊन बसतो.

म्हणून टेप घेऊन जा, तेही सकाळी लवकर. धुळ्याच्या आग्रा रोडवर एकदा लोटगाड्या लागल्या की डांबराची कड दिसतच नाही. टेपचं टोक गटारीच्या फरशीच्या आतल्या कडेला, डांबर जिथे संपतं तिथे टेकवा. दुकानाच्या पायरीपासून मोजू नका. पायऱ्या गटारीवर आलेल्या असतात. एका रस्त्यावर निदान तीन ठिकाणी माप घ्या, कारण आपल्या जुन्या पेठांमध्ये एकच रस्ता शंभर पावलांत दोन मीटरने आवळतो. जाणं शक्यच नसेल तर आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस) मापं धरा: एक लेन ३.५ मीटर, कर्ब (कडेचा उंच दगड) नसलेला दुपदरी रस्ता ७ मीटर, कर्ब असलेला ७.५ मीटर, फुटपाथवर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर.

ही मापं क्यूजीआयएसमध्येच रेषांच्या तक्त्यात भरा. शेपफाईल या नकाशाच्या फाईल-प्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे छाटलं जातं, त्यामुळे सिटीइंजिनची लांबलचक नावं तिथे देऊ नका. छोटी नावं द्या आणि सिटीइंजिनमध्ये आणल्यावर तिथल्या नावांशी जोडून घ्या. डावा-उजवा फुटपाथ रेषा ज्या दिशेने काढली त्यावरून ठरतो, हेही तपासा. एकाच रस्त्याचे दोन तुकडे उलटसुलट दिशेने काढलेले असले की फुटपाथ मध्येच बाजू बदलतो.

चौक

इथे मी सर्वाधिक अडकलो होतो आणि शिकवायला घेतलेली मुलंही इथेच अडकतात. हे काम सिटीइंजिनमध्ये शिरण्याआधी, सपाट नकाशावर करायचं असतं. थ्रीडीत दिसणारी फाटाफूट थ्रीडीत बसून दुरुस्त करू नका. बिघाड रेषांमध्ये असतो.

आधी बिघाड का होतो ते पाहू. जळगावात महामार्गावरचा आकाशवाणी चौक किंवा अजिंठा चौफुली घ्या. दुभाजक असलेला रस्ता ओएसएममध्ये दोन एकेरी रेषांनी काढलेला असतो. आडवा रस्ता या दोन्ही रेषा ओलांडतो, म्हणजे आपल्या डोळ्यांना जो एक चौक दिसतो तो ग्राफमध्ये दोन नोड (रेषा मिळतात ते बिंदू) असतो. आडवा रस्ताही दुभाजकाचा असेल तर चार. सिटीइंजिन प्रत्येक नोडला स्वतंत्र चौक मानतं आणि प्रत्येकासाठी डांबराचा वेगळा तुकडा बनवतं.

आता हिशेब करा. समजा दोन्ही बाजूंचा रस्ता प्रत्येकी ७ मीटर आणि मधला दुभाजक १.२ मीटर. दोन रेषांमधलं अंतर झालं ८.२ मीटर. प्रत्येक नोडला आपल्या बाजूची अर्धी रुंदी, म्हणजे ३.५ मीटर लागते, आणि कोपरा वळवायला समजा आणखी ३ मीटर. दोघांचे मिळून १३ मीटर हवेत आणि जागा ८.२ मीटरचीच. दोन्ही तुकडे एकमेकांवर चढतात आणि फाटतात. रंग, टेक्स्चर, रूल (रेषांवरून आकार बनवणारी सिटीइंजिनची नियमावली), यातलं काहीही बदलून हे सुटणार नाही, कारण जागाच अपुरी आहे.

यावर माझा ठाम नियम असा: दोन नोडमधलं अंतर दोन्हीकडच्या अर्ध्या रुंद्या आणि कोपऱ्यांच्या त्रिज्या यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर तिथे दोन नोड ठेवायचेच नाहीत. दुभाजकाच्या दोन रेषा पुसून मधोमध एकच रेषा काढा, तिला वरच्या उदाहरणात १५.२ मीटर रुंदी द्या आणि दुभाजक रूलमधून काढून घ्या. चौक एका नोडचा होतो आणि डांबर सलग येतं. सर्व्हिस रोड अलग असेल, किंवा दोन बाजू वेगवेगळ्या उंचीवर असतील, तेवढ्याच ठिकाणी दोन रेषा राखा. मध्ये खरंच सर्कल असेल तर नोडचा प्रकार बदलून राउंडअबाउट करा; सर्कलभोवती ओएसएमची गोल रेषा तशीच ठेवून वर राउंडअबाउट लावलं तर एकाच जागी दोन सर्कल होतील.

एवढं सगळं हाताने कशाला, सिटीइंजिनच्या क्लीनअप ग्राफ या सोयीत स्नॅपिंगचं अंतर (जेवढ्या अंतरातले नोड एकत्र ओढले जातात ते) दहा-पंधरा मीटर करा, नोड आपोआप एक होतील, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. महामार्गावरचा एक चौक त्याने सुटेलही, पण तेच अंतर जुन्या वस्तीला लागू झालं की गल्ल्या मोडतात. धुळ्याचा जुना भाग एकोणिसाव्या शतकात कॅप्टन ब्रिग्जच्या काळात सरळ रेषेत आखला गेला आणि तिथल्या गल्ल्या आजही नंबरने ओळखल्या जातात. त्या गल्ल्यांना आडवे बोळ जोडलेले आहेत. समोरासमोरचे दोन बोळ कधी कधी बरोबर समोर नसतात, चार-पाच मीटर सरकलेले असतात. सायकलवाल्याला तिथे डावीकडे वळून लगेच उजवीकडे वळावं लागतं. मोठ्या स्नॅपिंगने दोन्ही बोळ एका बिंदूत ओढले जातात, गल्लीला नसलेला बाक येतो आणि दोन्ही बाजूंच्या घरांचे प्लॉट तिरके होतात. स्नॅपिंग अर्ध्या मीटरच्या पुढे नेऊ नका. एकाच रस्त्याच्या दुहेरी रेषांमुळे आलेले नोड जोडायचे आणि दोन खरे रस्ते कधीच जोडायचे नाहीत. हा फरक सॉफ्टवेअरला कळत नाही, त्यामुळे चौक हातानेच सोडवावे लागतात. अशा सरकलेल्या बोळांत जागा कमी पडलीच तर कोपऱ्याची त्रिज्या अर्ध्या मीटरवर आणा. जुन्या गल्लीचे कोपरे तसेही काटकोनात असतात.

दुसरा त्रास तिरक्या फाट्यांचा. ९ मीटरचा रस्ता मोठ्या रस्त्याला ६० अंशांत मिळाला तर त्याचं तोंड साधारण १०.४ मीटर लांब होतं. तोच २५ अंशांत मिळाला तर २१ मीटरच्या पुढे जातं आणि त्या पट्ट्यात शेजारचा नोड असला की पुन्हा फाटाफूट. आधी उपग्रह चित्रात कर्बची कड पाहा. प्रत्यक्षात रस्ता शेवटच्या काही मीटरांत वळून थोडा सरळ मिळत असेल, आणि बहुतेक जागी तो तसा मिळतो, तर तिथे एक बिंदू टाकून शेवटचा तुकडा वळवा. प्रत्यक्षात तसं वळण नसेल तर मॉडेलसाठी खोटं वळण देऊ नका. तेवढाच चौक स्टॅटिक शेपमध्ये, म्हणजे ग्राफपासून सुटलेल्या आकारात, बदलून त्याची कड हाताने ओढा. मात्र हे अगदी शेवटी करा, कारण स्टॅटिक झालेला चौक नंतर रुंदी बदलली तरी बदलत नाही.

सगळं झालं की एकेका चौकात कॅमेरा माणसाच्या उंचीवर, दीड मीटरवर आणून गोल फिरवा. वरून पाहून चौक पास करू नका.

चढउतार आणि पूल

फुकट मिळणारी उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकटीची असते. एका चौकटीत अख्खा रस्ता आणि दोन्हीकडची घरं येतात, त्यामुळे रस्ता तिच्यावर थेट टेकवला की सपाट रस्त्यालाही लाटा येतात. ग्राफ टेरेनवर (या माहितीतून बनलेल्या जमिनीच्या पृष्ठभागावर) टेकवा, मग लागोपाठच्या नोडच्या उंचीतला खडबडीतपणा काढा आणि शेवटी टेरेनच रस्त्याला जुळवून घ्या.

पूल मात्र टेरेनवर टेकवूच नका. जळगावचा शिवाजीनगरचा पूल टेकवला तर तो थेट रुळांवर येऊन बसेल. पुलाचे सेगमेंट (रेषेचे तुकडे) आधी निवडीतून वगळा, खालच्या रस्त्याशी त्यांचा नोड जुळलेला नाही ना ते बघा, आणि उंची हाताने भरा. विजेच्या रेल्वेमार्गावर रुळापासून पुलाच्या तळापर्यंत साडेसहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. त्यावर स्लॅबची जाडी धरली की माथ्याची उंची मिळते. दोन्हीकडचे उतार लांबवर सोडा.

खुणा आणि पट्टे

तयार रूलमध्ये वाहतूक बहुधा उजवीकडून असते, ती डावीकडून करून घ्या.

बाहेर काढणं

यूटीएममध्ये आपल्या भागाचा उत्तरेकडचा आकडा तेवीस लाख मीटरच्या घरात असतो. बहुतेक गेम इंजिनं ३२ बिटांत आकडे ठेवतात आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर त्यांना २५ सेंटीमीटरपेक्षा बारीक फरक धरता येत नाही. रस्त्यावरची पांढरी पट्टी त्याहून अरुंद असल्याने ती थरथरते किंवा दातेरी दिसते. एक्स्पोर्ट करताना ग्लोबल ऑफसेट देऊन मॉडेल शून्याजवळ आणा. ऑफसेटचे तिन्ही आकडे त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवा, आणि इमारती, झाडं, खांब बाहेर काढताना तेच आकडे वापरा.