आफ्रिकन तत्त्वज्ञानात राजाचा कायदा आणि चर्चचा कायदा, पेपर लिहायचा कसा

साताऱ्यात आमच्याकडे एमएची दोन पोरं हा टॉपिक घेऊन आली, दोघांच्याही पहिल्या पानावर "चर्च मोठं की राज्य?" हाच प्रश्न. तो आधी खोडा. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे दंड कोण देतंय आणि प्रायश्चित्त कोण. माहुलीच्या रामशास्त्र्यांनी नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ती शिक्षा होती की पापातून सुटका, यावर आपण लहानपणापासून बोलत आलोय, तेच डोकं इथे लावायचं.

सुरुवात ऑगस्टीन या ख्रिस्ती तत्त्वज्ञापासून करा, युरोपचा समजून सोडू नका प्लीज, जन्म 354 चा थागास्तेचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास, आणि बिशप तिथल्याच हिप्पो शहराचा. रोमन कायद्याने बिशपला लोकांचे दावे ऐकायची मुभा होती, त्यामुळे हा माणूस जेवणवेळेपर्यंत, कधी कधी तर दिवसभर उपाशी, भांडणं ऐकत बसायचा. पुढे डोनाटिस्ट या चर्चपासून फुटलेल्या पंथाच्या लोकांनी एका पाद्र्याचा जीव घेतला, दुसऱ्याचा डोळा फोडला, बोट तोडलं, तेव्हा त्याने मार्सेलिनस या रोमन अधिकाऱ्याला पत्र लिहिलं की शिक्षा करा पण डोळ्याला डोळा नको. हे पत्र पूर्ण वाचाच. दंड सरकारचा हे तो मान्य करतो, पण गुन्हेगाराला सुधारायला वेळ मिळावा म्हणून धडपडतो.

मग इथिओपियाचा कायदाग्रंथ फेथा नगस्त, नावाचा अर्थ राजांचा न्याय. 13व्या शतकात इजिप्तमधल्या इब्न अल-अस्साल या कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती, पंडिताने अरबीत रचलं, नंतर गीझ या इथिओपियाच्या जुन्या भाषेत गेलं. 51 प्रकरणं, पहिली 22 चर्चची, बाकीची व्यवहाराची, सगळं एकाच पोथीत. अख्खं वाचायला घेतलंत तर सेमिस्टर संपेल, गुलामगिरीचं प्रकरण आधी काढा. निसर्गनियमाने सगळी माणसं स्वतंत्र असं सांगतं आणि लगेच युद्धाने माणूस गुलाम होतो म्हणून त्याचे नियमही देतं! मला तिथे दरवेळी थांबावं लागतं, कारण विवेक एक सांगतो आणि कायदा दुसरं, आणि दोन्ही एकाच पानावर. तुमच्या पेपरचा जीव हाच, दोन पानं यालाच द्या. इंग्रजी भाषांतर 1968 चं आहे, लायब्ररीत मागा.

केनियाचा 2014 चा मॅरेज ॲक्ट शेवटी एका परिच्छेदात पुरे. ख्रिस्ती, सिव्हिल, रूढीचं, हिंदू, इस्लामी असे लग्नाचे पाच प्रकार, विधी ज्याचा त्याचा पण नोंदणी सरकारकडे.