रोममधली थडगी बघायचीत? मग वेशी शोधा

कलोसियम वगैरे सगळेच बघतात, पण जुनी रोमन थडगी बघायची असतील तर मॅपवर 'पोर्ता' नावाच्या जागा शोधा, पोर्ता म्हणजे वेस. गावात कोणाला पुरायचं नाही नि जाळायचंही नाही असा त्यांचा जुना कायदा होता, आपलं स्मशान कसं वेशीबाहेर तसंच, म्हणून थडगी सगळी रस्त्याच्या कडेला, मग शहर वाढत गेलं आणि ती ट्रॅफिकच्या मधोमध आली.

सुरुवात पोर्ता माज्जोरेपासून करा, टर्मिनी स्टेशनहून चालत वीसेक मिनिटं. वेशीच्या बाहेरच्या अंगाला मोठमोठी गोल भोकं असलेलं एक ठोकळ्यासारखं बांधकाम दिसेल, मला तर पहिल्यांदा पाण्याची जुनी टाकीच वाटली होती 😅 ते युरिसॅकेस नावाच्या बेकरीवाल्याचं थडगं आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि ती भोकं म्हणजे कणीक मळायची भांडी असावीत असं म्हणतात. कुंपण आहे त्यामुळे आत जाता येत नाही, पण तिकीटही नाही. फोनचा कॅमेरा झूम करून वरची पट्टी नक्की बघा, त्यात कणीक मळणं, पाव वळणं, भट्टीत घालणं, वजन करणं सगळं कोरलंय, माणसाने आपला धंदाच थडग्यावर मांडून ठेवलाय. हे १८३८ पर्यंत नंतर बांधलेल्या बुरुजात दडलेलं होतं, तो पाडला तेव्हा सापडलं.

तिथून टर्मिनीला परत या आणि मेट्रोची बी लाइन पकडून पिरामिदे स्टेशनला उतरा, बाहेर पडलं की समोरच सेस्तियुसचा पिरॅमिड, हेही एका रोमन माणसाचं थडगंच, साधारण ३६ मीटर उंच, ३३० दिवसांत बांधला असं त्याच्यावरच लिहिलंय. आत रोज सोडत नाहीत, त्यापेक्षा मागच्या दफनभूमीत जा, तिथे कवी कीट्सची कबर आहे आणि पिरॅमिडच्या पायथ्याशी मांजरं लोळत असतात.

आप्पिया या जुन्या रोमन रस्त्यासाठी मात्र वेगळा दिवस ठेवा, शक्यतो रविवार, गाड्या कमी असतात. चिर्को मास्सिमोहून ११८ नंबरची बस मिळते. तिथल्या चेचिलिया मेतेल्ला या रोमन बाईच्या गोल थडग्याला तिकीट आहे आणि सोमवारी बंद, पण त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना पडकी थडगी तशीच उघड्यावर आहेत, फुकट. चप्पल घालून जाऊ नका, काळे दगड फार उंचसखल आहेत आणि चाकांच्या चाकोऱ्यांमध्ये पाय मुरगळतो, मी लंगडत परत आलेय.