सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर चालवताना या चुका टाळा

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची सगळी मजा त्याच्या संथपणात आहे. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि रिकाम्या पुंगळ्या एकेक करून बाहेर ढकलायच्या. मॅगझीनच्या पिस्तुलाला सरावलेला माणूस इथे घाई करतो आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे सिलिंडरचे, म्हणजे काडतुसं धरणाऱ्या फिरत्या चक्राचे, सहाही खण भरणं. कोल्ट कंपनीच्या 1873 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणि तिच्या नकलांमध्ये घोडा खाली असला की त्याचं टोक थेट प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेटत्या टोपीवर टेकतं. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर आपटलं, तर गोळी सुटू शकते. घोड्याच्या पहिल्या खाचेला 'सेफ्टी' म्हणतात खरं, पण अशा आपटण्याने ती तुटू शकते. म्हणून एक खण भरा, एक सोडा, पुढचे चार भरा, मग घोडा पूर्ण मागे घेऊन अलगद खाली आणा. तो बरोबर रिकाम्या खणावर येतो. रुगर कंपनीने 1973 पासून ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत न पोचू देणारी पट्टी) बसवला, त्यामुळे त्या मॉडेलमध्ये सहा काडतुसं चालतात. त्याआधीच्या, फ्रेमला तीन स्क्रू असलेल्या रुगरमध्ये मात्र पाचच भरा.

कोल्टचा घोडा अर्ध्यावरून थेट खाली सोडू नका. सिलिंडर अडवणारा खटका मध्येच वर येतो, आणि सिलिंडरभोवती एक कायमची रेघ उमटते. 'फॅनिंग', म्हणजे दुसऱ्या हाताच्या तळव्याने घोडा झोडपणं, पडद्यावरच ठेवा. त्यात खटका आणि खाचा दोन्ही झिजतात.

आता पकड. नांगराच्या मुठीसारखी ही मूठ झटक्यासरशी तळहातात वर फिरते, आणि ती तशी फिरू द्यायची असते. तिला आवळून धरलं, की दमदार काडतुसांत चापाच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या पेरावर आदळते. दोन-चार गोळ्यांत पेर सुजतं आणि पुढची गोळी सुटायच्या आधीच हात दचकायला लागतो. मूठ फिरली की घोडा आपोआप अंगठ्याखाली येतो. खरं तर या बंदुकीचा सगळ्यात सुंदर क्षण तोच. घोडा ओढल्यावर पकड पुन्हा बसवायला तेवढं विसरू नका. घोडा जड आणि त्याचा पल्ला लांब, त्यामुळे चाप सुटल्यावरही नळीच्या टोकावरची नेमाची माशी जागेवर धरून ठेवावी लागते. लगेच मान वर करून लक्ष्य बघणाऱ्याची गोळी भरकटते.

सिलिंडर मध्येच अडलं तर जोर लावू नका. नळी समोरच ठेवून नीट पाहा. एखादी गोळी झटक्यांनी पुंगळीतून पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावत असेल, तर क्रिम्प, म्हणजे गोळीभोवती आवळलेली पुंगळीची कड, ढिला आहे. सिलिंडर जिच्यावर फिरतं ती मधली पिन पुढे आली असेल, तर तिच्या खटक्याची स्प्रिंग बदला. दोन्ही ठीक असेल तर सिलिंडरच्या तोंडावरची काजळी पुसा. फ्रेमचे आणि मुठीचे स्क्रूही तपासा, ते झटक्यांनी सैल होतात.

गोळी उडालीच नाही तर नळी समोर धरून निदान 30 सेकंद थांबा आणि त्या वेळात घोडा पुन्हा ओढू नका. ओढलात तर सिलिंडर फिरतं, आणि उशिरा पेटणारं काडतूस तोवर नळीच्या रेषेतून बाजूला गेलेलं असेल. आवाज फुसका आला तर तिथेच थांबा. सगळं रिकामं करा आणि नळीत सळई घालून बघा, गोळी आत अडकलेली असू शकते.

'.45 कोल्ट' या मापाची काही जोरदार काडतुसं फक्त रुगर ब्लॅकहॉकसारख्या भक्कम फ्रेमसाठी असतात. ती कोल्टमध्ये किंवा तिच्या नकलांमध्ये घालू नका.

आणि नेम सतत खाली जात असेल, तर लगेच कानस उचलू नका. माशी घासली की गोळी वर लागते हे खरं, पण आधी जड गोळीची काडतुसं वापरून पाहा. जवळच्या अंतरावर ती बहुधा वरच लागतात.