मलम आणण्यापूर्वी पुरळ नीट पाहावी

मुंबईच्या पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, गणवेश दमटच अंगावर चढतो आणि मुले खाजवू लागतात. अशा वेळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ‘खाजेचे मलम’ मागून आणण्यापूर्वी मुलाला खिडकीशी उजेडात उभे करून पुरळ कुठे आहे, रात्री खाज वाढते का आणि घरात आणखी कोणी खाजवत आहे का, एवढे पाहून घ्यावे.

कंबर, जांघ किंवा मानेवर गोल, खवलेदार, कडेला उंच आणि मध्यभागी निवळलेला चट्टा दिसला तर तो बहुधा नायटा, म्हणजे गजकर्ण असतो. हा बुरशीचा संसर्ग आहे. त्यावर क्लोट्रिमाझोलचे मलम, त्यात दुसरे औषध मिसळलेले नाही हे वेष्टनावर वाचून, कोरड्या त्वचेवर दिवसातून दोनदा चट्ट्याच्या कडेपलीकडे सुमारे 2 सेंटीमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. बहुतेक घरे नेमकी इथेच चुकतात. बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टेरॉइड असलेल्या मिश्र मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते गुणकारी वाटते. प्रत्यक्षात बुरशी आत पसरत राहते, चट्ट्याचे रूप बदलते आणि पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण जाते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा आणि न वाळलेल्या कपड्यांवर आतल्या बाजूनेही इस्त्री फिरवावी. नायटा डोक्यात असेल तर मलम पुरत नाही, पोटात घेण्याचे औषध लागते.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आणि रात्री झोपू न देणारी खाज ही खरजेची खूण होय. परमेथ्रिन 5 टक्के मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, चोळून 8 ते 12 तासांनी अंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा तेच करावे. तान्ह्या बाळासाठी व गर्भवतीसाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. एका खोलीत सहा माणसे झोपत असतील तर खाज नसलेल्यांसह सहाही जणांनी एकाच रात्री मलम लावले पाहिजे, नाहीतर खरूज घरातल्या घरात फिरत राहते. अंथरूण-पांघरूण त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावे. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवावे. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून रोज मलम चोळू नये.

गालांवरचे फिकट, किंचित खरखरीत डाग पाहून आजी जंतांचे औषध सुचवतात, तर शेजारी कॅल्शियमचे. हे डाग बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. साधे मॉइश्चरायझर आणि काही महिन्यांचा धीर पुरतो. डागावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी व्यवस्थेत मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

घामोळ्यांना सैल सुती कपडे आणि पंख्याचा वारा पुरतो. पावडरचे थर नकोत.

तारुण्यपिटिका फोडू नयेत, कपाळावर तेल उतरू देऊ नये. बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के जेल रात्री पातळ थरात लावावे (टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग त्याने उडतो) आणि परिणामासाठी 8 ते 12 आठवडे द्यावेत. ‘गोरे करणाऱ्या’ क्रीममध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते व त्यानेही पिटिका येतात, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

ताप, पू, मधासारख्या पिवळ्या खपल्या किंवा झपाट्याने पसरणारी लाली दिसल्यास घरगुती उपाय थांबवून केईएम, नायर, सायन यांसारख्या पालिका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे, आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या मलमांच्या नळ्या, रिकाम्यासुद्धा, सोबत न्याव्यात.