गॅदरिंगचा ड्रेस घरी करताय? या चुका टाळा

माझ्या थोरलीचा पहिला फॅन्सी ड्रेस म्हणजे द्राक्षाचा घड. सांगलीची पोर, ती दुसरं काय होणार! रात्री बारापर्यंत बसून छोटे हिरवे फुगे फुगवले आणि जुन्या टी-शर्टवर सेफ्टी पिनांनी लावले. (हो, फुगे आणि पिना. मलाही नंतरच कळलं.) आरशासमोर बाईसाहेब गोड दिसत होत्या. रिक्षात टेकल्या तशी मागची चार द्राक्षं फाटकन फुटली. ती दचकून रडायला लागली, मी जवळ ओढलं, आणखी दोन फुटली. स्टेजवर पोचला तो पाखरांनी खाल्लेला घड.

त्यानंतर घरातल्या आणि गल्लीतल्या पोरांचे बरेच ड्रेस माझ्या मशीनवरून गेले. डिसेंबरात रात्री नऊला हमखास कुणीतरी दारात उभं असतं, "ताई, एवढा एकच टाका मारून द्या ना, उद्या आठला कार्यक्रम आहे." बिघडलेला ड्रेस हातात घेतला की शिवण सहसा ठीकच असते. आपण तो मुलाला उभं करून बघितलेला असतो, एवढंच. मूल स्टेजवर दोन मिनिटं उभं राहतं आणि त्याआधी दोन तास मांडी घालून बसतं, पळतं, पाणी पितं, शूला जातं.

तर आधी शूचंच बोलू. मागे चेन असलेला अखंड ड्रेस, किंवा पंधरा पिना लावून नेसवलेली नऊवारी, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वर्गात चाळीस मुलं आणि बाई एक. ड्रेस कायम दोन भागांत करा. खालचा भाग इलॅस्टिकचा हवा, म्हणजे मूल स्वतः खाली-वर करू शकेल.

नऊवारीचं सांगते, कारण ३ जानेवारी आली की आमच्याकडे सावित्रीबाईंची रांग लागते. त्यांचं जन्मगाव नायगाव शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे जरा जास्तच आपुलकी. घरातली जुनी सुती साडी घ्या. सिल्क घसरतं. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच आणि पाच वर्षांच्या मुलीची कंबर ते घोटा उंची २४ इंचांच्या आसपास. म्हणून बहुतेक जणी कमरेशी साडी दुमडून खोचतात आणि पोरीच्या पोटावर गाठोडं तयार होतं. दुमडू नका, कापा. खालच्या काठापासून २६ इंच मोजून साडी लांबीत उभी चिरायची. उरलेल्या १९ इंची पट्टीला दुसरा काठ असतोच, तो पदर. आता जुनी लेगिंग घ्यायची, पुढे निऱ्या घालून तिच्या कमरेला कच्च्या टाक्यांनी धरायच्या, काष्टा पायांमधून मागे नेऊन मागच्या कमरेला टाक्यांनी धरायचा. टाके घालताना इलॅस्टिक ताणून धरा, नाहीतर लेगिंग कमरेवरून उतरणारच नाही. झालं, लुगडं पायजम्यासारखं घालता-काढता येतं. पदर मात्र या कमरेला शिवू नका, तीच सोय जाते. तो ब्लाउजच्या खांद्यावर टिचबटणांनी लावा.

आणि सावित्रीबाईंना जरीची पैठणी, गळ्यात प्लॅस्टिकची ठुशी, हे कशाला? काठाचं साधं लुगडं, डोक्यावरून पदर आणि कपाळावर कुंकू पुरे. पोरगी मोकळी राहते.

दुसरी गंमत हळदीची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन, म्हणजे 'ही खास याच भागातली' अशी सरकारी ओळख मिळाली, तेव्हापासून 'मी हळद बोलतेय' हे भाषण जोरात आहे. धाकट्याला हळकुंड करायचं होतं. पिवळं कापड विकत कशाला आणायचं, म्हणून मी जुना पांढरा उशीचा अभ्रा हळदीच्या पाण्यात उकळला. रंग असा चढला की बघत राहावं. आदल्या दिवशी त्यावर वरणाचा थेंब पडला, मी तेवढीच जागा साबणाने चोळली, आणि पिवळ्या हळकुंडावर तळहाताएवढा लालभडक डाग! मी डोक्याला हात लावून बसले. सासूबाई हसल्या, "अगं, चुना घालून कुंकू असंच तर करतात." बरोबरच होतं. साबण काय, चुना काय, दोन्ही अल्कली जातीचे, म्हणजे आंबटाच्या उलट, हळद लाल करणारे. डागावर लिंबू पिळलं तसा पिवळा रंग परत आला. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका, लिंबूपाण्यात बुडवा आणि सावलीत वाळवा, उन्हात हळद विटते. शेजारच्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्याला ती लागतेच, त्यामुळे आता मी सरळ पिवळं पॉपलीन आणते.

द्राक्षांवरही उपाय सापडला. जुन्या हिरव्या-जांभळ्या कपड्यांचे गोल तुकडे, आत चिंध्या, तोंड दोऱ्याने आवळायचं. हे गोळे फक्त पुढच्या बाजूला शिवायचे. पाठ आणि बसायची जागा कोरी ठेवा.

मुकुट, टोप, फेटे. मुकुटाला कार्डपेपर नको, कपाळाच्या घामाने मऊ पडतो. बकरम घ्या, म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, कापड पेठेत कुठेही मिळतं. मागे चार इंच इलॅस्टिक ठेवा, म्हणजे माप चुकलं तरी चालतं. थर्माकोल वापरलाच तर पंक्चरवाल्याचं सोल्यूशन लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. पांढरा फेविकॉल चालतो, पण तो वाळायला रात्र द्या. सकाळी सातला चिकटवलेला हिरा साडेआठला प्रेक्षकांत असतो.

फेटा मुलाच्या डोक्यावर बांधायला जाऊच नका. पाच वर्षांच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंटीमीटर, म्हणजे १६ सेंटीमीटर व्यासाचं पातेलं. ते पालथं घालायचं, त्यावर अडीच मीटरची ओढणी बांधायची, जागोजागी टाके घालायचे आणि टोपीसारखी काढून घ्यायची. आमचं दुधाचं पातेलं आजवर चार वेळा शिवाजी महाराज झालंय.

तोंडावर अख्खा मुखवटा नको. मुलाला पायऱ्या दिसत नाहीत आणि आवाजही आत कोंडतो. वाघाचं तोंड टोपीवर शिवा, खाली त्याचं स्वतःचं तोंड दिसू दे. मिशीला डिंक किंवा टेप लावण्यापेक्षा काजळाची पेन्सिल बरी. चित्रकलेचे पोस्टर कलर गालावर फासू नका. चेहऱ्याचे रंग आणलेत तर आदल्या दिवशी कोपराच्या आत ठिपका लावून बघा. डोळ्यांजवळ चमकी नकोच.

दिव्यांचा नाच असेल तर एक गोष्ट हट्टाने मागा: बॅटरीचे दिवे. नायलॉनची जाळी आणि खरी ज्योत एकत्र नको, बाई काहीही म्हणोत.

थंडीचं माप बहुतेक विसरतात. कार्यक्रम जानेवारीत संध्याकाळी मैदानावर, आणि ड्रेस शिवलेला बनियनवर. मग वरून स्वेटर चढतो आणि विठोबा मरून रंगाच्या स्वेटरात उभा. माप घेतानाच आत जाड बनियन-स्वेटर घाला.

शिवून झाला की आदल्या दिवशी मुलाला अर्धा तास ड्रेस घालून खेळू द्या. जिथे उसवायचं तिथे तेव्हाच उसवतं. आणि आत नेफ्यावर बॉलपेनने नाव लिहा. गेल्या वर्षी मेकअपच्या खोलीत सहा विठोबा होते, सहाही पितांबर एकाच दुकानातल्या कापडाचे, आणि आमचा विठोबा दुसऱ्याच कुणाचा तरी पितांबर नेसून घरी आला. थोडा लांब होता, पण इलॅस्टिक चांगलं होतं.