पॉवर कॉर्ड बदलताय? आधी भिंतीतलं सॉकेट बघा आणि या चुका टाळा

हाय-फाय सिस्टिमची पॉवर कॉर्ड बदलायची म्हटलं की बहुतेक जण कॉर्ड शोधण्यापासूनच सुरुवात करतात आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. मीही तीच केली. अँपमधून (म्हणजे अँप्लिफायरमधून) हम, म्हणजे एकसारखी बारीक घरघर, यायची, गाणं रंगात आलं की जाणवायची नाही, पण आलापाच्या आधी नुसते तानपुरे वाजत असतात ना, तेव्हा त्या खर्जाला खालून घुंऽऽ असं काहीतरी चिकटलेलं असायचं आणि एकदा कानाला लागलं की मग तेच ऐकू यायचं. म्हणून ओळखीच्या एकाकडून परदेशी जाडजूड कॉर्ड घेतली, तिला जर्मनीत वापरतात तो गोल शुको प्लग होता. आपल्या मल्टी सॉकेटमध्ये त्याच्या दोन पिना जातात, अँप चालू होतो, सगळं ठीक वाटतं. हम मात्र होता तसाच. वर दोन दिवसांनी अँपची धूळ पुसताना बोटांना बारीक झणझण लागली, कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावला तर आतला दिवा मंद पेटला.

झालं काय होतं, तर शुकोची अर्थिंग प्लगच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांना असते आणि आपली अर्थ वरच्या मोठ्या भोकात, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. अँपच्या आतल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थ तुटली की बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर म्हणजे ११५च्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसती झणझण. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतील आणि अर्थच नाही म्हटल्यावर फ्यूजही उडणार नाही, एमसीबीही पडणार नाही. घरात लहान मूल असेल तर हे वाचून आत्ताच उठून बघा. शुको असेल तर तो कापून चांगला थ्री पिन टॉप (आपला तीन पिनांचा प्लग) बसवा, बाकी काही नंतर.

मग हम कुठून येत होता? सेट टॉप बॉक्समधून! केबलवाल्याची वायर गच्चीवरून येते, तिची जमीन वेगळी आणि आपल्या घराची अर्थ वेगळी, दोन्ही अँपमध्ये येऊन भेटल्या की लूप तयार होतो आणि ५० हर्ट्‌झचा करंट थेट आरसीएच्या (म्हणजे बॉक्स आणि अँप जोडणाऱ्या सिग्नल वायरीच्या) शिल्डमधून, तिच्या बाहेरच्या जाळीतून, फिरतो. अर्थ तुटलेली असतानाही फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट याच वाटेने जाऊ शकतो, म्हणून शुको लावूनही माझा हम गेला नव्हता. बॉक्सच्या मागची ती वायर स्क्रू फिरवून काढली आणि त्या क्षणी खोली शांत झाली. कॉर्ड कितीही भारी घ्या, हा हम तिने जाणार नाही कारण तो तिच्यातून येतच नाही.

म्हणून आधी हे करा. अँप बंद करून सगळे सोर्स (सेट टॉप बॉक्स, टर्नटेबल, जे काही अँपला जोडलंय ते) काढा, मग अँप चालू करून ऐका. हम गेला तर एकेक सोर्स जोडत जा, दर वेळी अँप बंद करूनच, ज्याच्यामुळे परत येईल तो चोर. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असेल तर त्याची ती बारीक ग्राउंड वायर अँपच्या जीएनडी स्क्रूखाली नीट आवळली आहे का बघा, निम्म्या वेळा तिथेच असतं. आणि आवाज स्पीकरमधून न येता अँपच्या पेटीतूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मर गुरगुरतोय. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच असं होत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहर देणारा, असणार.

हम घालवायला अर्थची पिन काढायची किंवा तिला टेप लावायचा, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. बऱ्याचदा हम खरंच जातो, म्हणूनच लोक ऐकतात. कृपा करून हे कधीही करू नका.

सॉकेट तपासायला वायरमनला बोलवा, मीटरची सवय असेल तरच स्वतः बघा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. जुन्या बिल्डिंगांमध्ये तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते, हे मी दोन-तीन घरांत डोळ्यांनी बघितलंय. समोरून बघताना अर्थ वर धरली तर फेज उजवीकडे हवी.

आता जाडीबद्दल. दीड स्क्वेअर एमएमच्या दोन मीटर कॉर्डचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ०.०५ ओहम होतो, अँप दोन अँपिअर खेचत असेल तर पडतो ०.१ व्होल्ट, आणि तिकडे दिवसभरात घरातलं व्होल्टेज दहा-पंधराने सहज वर-खाली होत असतं. त्यामुळे मनगटाएवढ्या कॉर्डने आवाज उघडतो हे मला पटत नाही. उलट तिच्या वजनाने मागचा कनेक्टर सॉकेटमधून अर्धवट बाहेर येतो, आत ठिणग्या पडतात आणि स्पीकरमधून चरचर ऐकू येते. पकड घट्ट असलेली साधी कॉर्ड कधीही चांगली.

स्वतः बनवणार असाल तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला थ्री कोअर कॉपर फ्लेक्सिबल मीटरवर मिळते, आयएसआय मार्क बघून घ्या. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, सोडून द्या. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू बसत जातं आणि सहा महिन्यांत स्क्रू ढिला होऊन टॉप तापतो, त्यापेक्षा लग (धातूचं टोपण) क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. हिरवी वायर टॉपच्या आत इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा म्हणजे कॉर्ड ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल.

अमेरिकेहून कोणी कॉर्ड आणली असेल तर रंगांनी घोळ होतो, नीट वाचा. तिकडे काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. सवयीने जोडली की फेज आणि न्यूट्रल उलटे होतात आणि अँपचा फ्यूज न्यूट्रलमध्ये जाऊन बसतो. शिवाय त्यांच्या प्लगवर बहुतेक वेळा १२५ व्होल्टच लिहिलेलं असतं. मी तरी असली कॉर्ड २३०वर वापरणार नाही.

जोडून झालं की कॉर्डची गुंडाळी करून रॅकमागे कोंबू नका, सिग्नलच्या वायरींना समांतर नेऊ नका, जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडा. मग तासभर गाणी ऐका, अँप आणि स्विच बंद करा आणि लगेच टॉपला हात लावून बघा. गार हवा. कोमट लागला तर त्याच दिवशी उघडून स्क्रू आवळा, सॉकेट ढिलं असेल तर सॉकेट बदला.