आधी खवाटे, मग रॉड

पहिली दोन वर्षं मी इमानेइतबारे बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं) मारला आणि वाढले ते खांदे. छाती होती तिथेच. वर डाव्या खांद्यात पुढून अशी कळ यायची की शर्ट चढवताना तोंड वाकडं व्हायचं. वजन जास्त नव्हतं. मी बेंचवर नुसता आडवा पडायचो, तिथेच चुकत होतं.

आता आडवं पडलं की पहिल्यांदा खवाटे. दोन्ही एकमेकांकडे ओढायचे, कमरेच्या दिशेने दाबायचे. छाती आपसूक वर येते. सेट, म्हणजे न थांबता मारलेली एक फेरी, संपेपर्यंत ते सुटता कामा नयेत. सुटतात बहुधा रॉड स्टँडवरून काढतानाच, म्हणून उचलून द्यायला कोणी असलं तर उत्तम. पाय जमिनीला घट्ट.

मग कोपरं. मी ती खांद्याच्या रेषेत पार बाहेर काढायचो, कळ त्याचीच. अंगापासून ४५ ते ६० अंश पुरे. अंगठा रॉडभोवती हवाच. श्वास घेत, दोनेक सेकंद घेऊन रॉड छातीच्या खालच्या भागावर टेकवा, आपटू नका. वर ढकलताना तो तिरका सरकत खांद्यांच्या वर येतो. येऊ द्या.

ऑलिम्पिक रॉड नुसताच २० किलोचा असतो. मी पुन्हा तिथून सुरुवात केली. लाज वाटली, पण केली. ८ ते १२ रेप्सचे (एक रेप म्हणजे रॉड एकदा खाली-वर) ३ सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेटमध्ये १२ निघाले की दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलो चढवायचं. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून.

छातीच्या स्नायूचा वरचा भाग गळपट्टीच्या हाडापासून निघतो. त्याच्यासाठी बेंच ३० अंशांवर उचलून डंबेल प्रेस. बेंच फार उभा केलात तर काम पुन्हा खांद्यांकडे जातं.

फ्लाय, म्हणजे उताणं पडून हात बाजूंना पसरून पुन्हा छातीवर जवळ आणणं, शेवटी, हलक्या डंबेलने, कोपरं किंचित वाकवून. इथे वजनाची फुशारकी नको.

आणि एकटे असाल तर सेफ्टी बार, म्हणजे रॉड अंगावर येण्याआधी अडवणारा दांडा, लावा. तो नसेल तर प्लेटांना लॉक लावू नका. एकदा शेवटच्या रेपला रॉड माझ्या छातीवरच बसला. लॉक नव्हते, म्हणून एका बाजूला तिरका करून प्लेटा पाडल्या. त्याबरोबर दुसरी बाजू धाडकन खाली गेली. सगळी जिम वळून बघत होती. मी मात्र आरामात श्वास घेत होतो.